एका बेटावरचे दोन पेसो

क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावर, हवानापासून पूर्वेस सुमारे १४० किलोमीटर अंतरावर वारादेरो नावाचे विश्रामस्थळ आहे. समुद्रात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूशिराच्या कडेने वीसेक किलोमीटर पांढरी वाळू पसरली आहे. कॅनडातील थंडीला कंटाळून आलेला प्रवासी येथे दिवसभर काय करतो, तर काहीच करीत नाही. मनगटावरचा पट्टा दाखविला की जेवण मिळते आणि पेयही. त्याचे पैसे मायदेशीच भरलेले असतात. माडाची सावली सरकेल तशी खुर्ची सरकविणे एवढेच त्याचे श्रम. पैशाची आठवण होते ती बक्षिसी देताना, आणि तेवढ्यासाठी आल्या दिवशी त्याने थोडे परकीय चलन बदलून घेतलेले असते. खिडकीपाशी होणारे हे पाच मिनिटांचे काम तो लगेच विसरतो. परंतु १९९४ पासून २०२० अखेरपर्यंत याच खिडकीत एका समाजाची मोठी विसंगती उघडी पडत होती.

क्रांतीपूर्वी वारादेरो हे अमेरिकन धनिकांचे क्रीडास्थान होते. रसायनउद्योगातील धनाढ्य इरेने दु पाँ यांनी १९३० मध्ये येथे टोलेजंग हवेली बांधली. १९५९ च्या क्रांतीने हा किनारा सामान्य क्यूबनांना खुला केला. मात्र १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य कोसळले. चढ्या भावाने साखर घेणारा आणि स्वस्तात तेल देणारा आश्रयदाताच नाहीसा झाला. १९९३ पर्यंत देशाचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले. विकण्याजोगे जे उरले त्यात ऊन आणि वाळू हे प्रमुख होते. जवळ डॉलर बाळगणे हा तोवर गुन्हा होता. १९९३ मध्ये तो गुन्हा राहिला नाही. पुढच्याच वर्षी सरकारने डॉलरच्या बरोबरीचा 'परिवर्तनीय पेसो' काढला. नोव्हेंबर २००४ मध्ये दुकानांतून डॉलर हद्दपार झाला, आणि तो बदलून घेण्यावर दहा टक्के आकार बसला. प्रवाशाच्या हाती मग हा नवा पेसोच पडू लागला. बेटाबाहेर त्याला किंमत नसल्याने उरलेल्या नोटा निघण्यापूर्वी मोडून घ्याव्या लागत.

क्यूबन नोकरदाराला मात्र पगार मिळे तो जुन्या राष्ट्रीय पेसोत. असे चोवीस पेसो म्हणजे एक परिवर्तनीय पेसो. जुन्या तीन पेसोंच्या नोटेवर चे गव्हेराचा चेहरा होता; नव्या तीन पेसोंच्या नोटेवर त्याचे स्मारक आले. याच गव्हेराने राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष असताना नोटांवर नुसती 'चे' अशी सही केली होती. पैशाविषयीची बेफिकिरी त्यातून दिसते असे मानले जाई. त्याच्या देशात आता पैशाचे दोन वर्ण झाले होते.

२०१३ च्या सुमारास सरकारी नोकराचा सरासरी मासिक पगार ४७० पेसोंच्या आसपास होता. चोवीसने भागल्यास तो वीस परिवर्तनीय पेसोंहूनही कमी भरतो. वीस प्रवाशांनी जाता जाता एकेक नाणे ठेवले, की वाढप्याच्या खिशात शिक्षकाच्या महिन्याची कमाई जमा होई. शिकलेली माणसे वर्ग आणि रुग्णालये सोडून टॅक्सी चालवू लागली, हॉटेलात सामान उचलू लागली. यात त्यांचा लोभ कसला? तेल, साबण यांसारख्या कितीतरी वस्तू नव्या पेसोतच मिळत. शिवाय ज्या हॉटेलांमुळे हे घडत होते, तेथे पैसे मोजूनही उतरण्यास क्यूबन नागरिकाला २००८ पर्यंत मनाई होती.

सरकारची बाजू अगदीच लंगडी नव्हती. शिधापत्रिकेवरील धान्य, शिक्षण आणि औषधोपचार यांवरील खर्च प्रवाशांच्या पैशातून काही अंशी भागे. दोन चलनांच्या भिंतीआड गरिबांचे बाजारभावापासून रक्षण होते, असा तो विचार होता. पण हिशेबाच्या वहीतही ही भिंत उभी राहिली. सरकारी उद्योगांसाठी एक पेसो म्हणजे एक डॉलर असाच दर धरला जाई. परिणामी निर्यातीतून येणारा डॉलर एकाच पेसोचा ठरे आणि आयात मात्र फसवी स्वस्त दिसे. कोणता कारखाना खरोखर नफ्यात आहे, हे कळण्याची सोयच उरली नाही.

अखेर १ जानेवारी २०२१ रोजी परिवर्तनीय पेसो रद्द झाला. डॉलरला २४ पेसो हा एकच दर ठरला आणि किमान वेतन ४०० वरून २१०० पेसोंवर नेण्यात आले. मात्र त्या वेळी महासाथीमुळे किनारे ओस पडले होते आणि दुकानांत माल नव्हता. वाढलेले वेतन महागाईने गिळले. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारलाच नागरिकांसाठी डॉलरमागे १२० पेसोंचा दर जाहीर करावा लागला. २०१९ पासून परकीय चलनाच्या खात्यावर चालणारी दुकानेही निघालेली होतीच. दुसरा पेसो गेला, पण दुहेरी व्यवहार गेला नाही.

नोटा रद्द करणे सरकारच्या हाती असते. श्रमाचे मोल असे हुकमाने ठरत नाही. शिकविणाऱ्याच्या महिन्याच्या कष्टापेक्षा खुर्ची सरकविणाऱ्या पाहुण्याची मर्जी जेथे अधिक मोलाची ठरते, तेथे नुकसान एकट्या शिक्षकाचे होत नाही. त्याच्यासमोर बाकावर बसलेल्या मुलालाही तो हिशेब येत असतो.