धुराड्यातील राखेचा हिशेब

चुलीतील राखेचे पुन्हा लाकूड करता येईल काय, असे कोणी विचारले तर आपण हसू. परंतु धुराड्यातून जाणारा कार्बन डायॉक्साइड ही कोळशाची वायुरूप राखच होय, आणि तिच्यापासून पुन्हा उपयोगाचा माल करण्याचा उद्योग विद्यापीठांनी हाती घेतला आहे. कार्बन एकदा जाळून हवेत टाकायचा नाही, तो पुनःपुन्हा वापरात आणायचा, या विचारास कार्बनची चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. आम्ही कामगार चळवळीतील माणसे. कोणतीही नवी योजना पुढे आली की आम्ही आधी तिचा जमाखर्च मागतो. येथेही तेच करू.

जर्मनीतील रूर खोरे हे कोळशाचे व पोलादाचे माहेरघर. खाणी एकामागून एक बंद पडत असतानाच, १९६५ साली, तेथे बोखुम गावी रूर विद्यापीठ सुरू झाले. २०१८ च्या डिसेंबरात बोट्रोप येथे खोऱ्यातील शेवटची खाण बंद झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जवळच्या डुइसबुर्ग शहरी टिसेनक्रुप कंपनीच्या पोलाद कारखान्यातील वायूंपासून मिथेनॉल तयार करण्यात आले. हे मिथेनॉल रसायनांच्या व प्लॅस्टिकच्या कारखान्यांचा कच्चा माल. या 'कार्बन टू केम' योजनेत कंपन्यांबरोबर रूर विद्यापीठही भागीदार आहे, आणि जर्मन सरकारने तीत ६ कोटी युरोंहून अधिक रक्कम, म्हणजे जनतेचा पैसा, घातला आहे.

विद्यापीठाचे काम कोणते? मिथेनॉल घडविण्यास तांबे व जस्ताचे ऑक्साइड असलेला उत्प्रेरक लागतो. लग्न जुळवून स्वतः बाजूला राहणाऱ्या मध्यस्थासारखा हा पदार्थ. पण भट्टीच्या वायूत गंधकाचा अंश राहिला तर त्याला विषबाधा होऊन तो निकामी होतो. तेव्हा वायू किती शुद्ध करावा आणि उत्प्रेरक किती काळ टिकेल, हे चिकाटीने तपासावे लागते.

आता हिशेब पाहू. ४४ किलो कार्बन डायॉक्साइड आणि ६ किलो हायड्रोजन मिळून ३२ किलो मिथेनॉल व १८ किलो पाणी होते. पाण्यापासून ६ किलो हायड्रोजन काढण्यास सुमारे ३०० युनिट वीज लागते. ती वीज कोळशाची असेल तर तिच्यापायी पावणेतीनशे किलोंच्या आसपास कार्बन डायॉक्साइड हवेत जाईल. म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! वीज सूर्याची वा वाऱ्याची असेल तरच हा व्यवहार पदरात पडतो. शिवाय ते मिथेनॉल इंधन म्हणून जाळले तर तेच ४४ किलो पुन्हा हवेत जातात. त्याची टिकाऊ वस्तू केली, आणि ती मोडल्यावर तिच्यातील कार्बन परत मिळविला, तरच चक्र पुरे होते.

या हिशेबात एक रकाना नेहमी कोरा राहतो, तो माणसांचा. २०२४ च्या नोव्हेंबरात टिसेनक्रुपच्या पोलाद विभागाने ११,००० नोकऱ्या कमी करण्याचा किंवा बाहेर सोपविण्याचा बेत जाहीर केला. त्याचा दोष मिथेनॉलवर ठेवणे अन्यायाचे होईल. पण जनतेच्या पैशाने धुरालाही दुसरा जन्म देण्याची खटपट होत असेल, तर भट्टीपाशी आयुष्य काढलेल्या हातांनाही नवे काम शिकविण्याची तरतूद त्याच पैशातून झाली पाहिजे. विद्यापीठाची दारे वायूच्या बाटल्यांसाठी उघडतात. ती कामगारासाठीही उघडावीत, एवढेच आमचे मागणे आहे.