अवघड जागेचं दुखणं

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. नेरूळला आमच्या शेजारच्या वहिनींवर मात्र ती वेळ खरंच आली. जावई नव्हे, पण औषधाच्या दुकानात ओळखीचा मुलगा! गर्दी ओसरली की जायचं आणि हळूच म्हणायचं, ‘‘ते मूळव्याधीचं मलम दे रे.’’ सात-आठ महिने हेच चाललं. घरात कुणाला पत्ता नाही. जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन निघालं सात! रोज थोडं थोडं रक्त जात होतं आणि वहिनी मलमाच्या भरवशावर होत्या.

वहिनी रोज लोकलने सीएसएमटीला जातात. वाटेत बाथरूमची पंचाईत नको म्हणून पाणीच कमी प्यायचं. एसटीने जाणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्हीही हेच करता ना? मग खडा होतो, कुंथावं लागतं आणि गुदद्वाराशी असलेल्या रक्तवाहिन्या फुगतात. हीच मूळव्याध. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तर ती हमखास डोकं वर काढते.

मलम वाईट नाही. त्यातल्या बधिर करणाऱ्या औषधाने आग आणि ठणका थांबतो, स्टेरॉइडने सूज उतरते. पण कोंब जात नाही आणि बद्धकोष्ठही हटत नाही. स्टेरॉइडचं मलम आठवड्यापेक्षा जास्त लावलं तर तिथली कातडी पातळ होते. म्हणूनच 2018 मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच मलम लावू नका.

घरी काय करावं? टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसावं. कणीक चाळून कोंडा फेकू नये. भाकरी, पालेभाजी, पेरू खावा. इसबगोल घेतलं तर भरपूर पाण्यासोबत. संडासला लागली की थोपवू नये आणि तिथे मोबाइल घेऊन बसू नये.

आणि हो, रक्त दिसलं की ती मूळव्याधच असं धरून चालू नका. शौचाच्या वेळी सुरीने कापल्यासारखं दुखत असेल तर ती चीर असू शकते. काळी शौच, घटणारं वजन, बदललेली शौचाची सवय किंवा चाळिशीनंतर प्रथमच पडणारं रक्त, यांपैकी काहीही असेल तर लगेच तपासून घ्या. आतड्याच्या कर्करोगाचीही सुरुवात अशीच होऊ शकते. उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. लेडी डॉक्टर हव्यात किंवा नर्सबाई सोबत हव्यात, असं सांगायला लाजू नका.

वहिनींची तपासणी पाच मिनिटांत झाली. कोंबाला रबरी बँड लावला, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या दुपारीच घरी आल्या. आता त्या म्हणतात, ‘‘पाच मिनिटांच्या लाजेपायी मी आठ महिने रक्त घालवलं गं!’’