एक सखाराम, दोन तोंडं

सखाराम हे जुनं, सोज्वळ नाव. अमळनेरचे सखाराम महाराज संत म्हणून पूजले गेले. पेशवाईतल्या ‘साडेतीन शहाण्यां’त सखारामबापू बोकील होते. पण सुशिक्षित मराठी माणसाला हे नाव ऐकून आधी आठवतात ती दोन काल्पनिक माणसं.

पहिला पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला सखाराम गटणे. लाजरा, पुस्तकात बुडालेला, छापील मराठीत बोलणारा. अतिशुद्ध बोलणाऱ्या पोराला आजही ‘गटणे’ म्हणून चिडवतात. या पुस्तकाला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दुसरा त्याच्या अगदी उलट. विजय तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ १९७२मध्ये रंगमंचावर आला: शिवराळ, दारुडा, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, वर मृदंगही वाजवणारा. निळू फुले यांनी तो असा उभा केला, की नावाला कायमचा एक दर्प चिकटला. नाटकाचा सेन्सॉरशी झगडा थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला. गंमत म्हणजे दोन्ही सखारामांचा संबंध पुस्तकांशीच; एक ती वाचतो, दुसरा बांधतो.

नाटकाची अशीच छाप आणखी एका नावावर पडली: त्याच वर्षी, १९७२मध्ये, तेंडुलकरांचंच ‘घाशीराम कोतवाल’ आलं. घाशीराम ऐतिहासिक खरा, पण लोकांच्या मनातला नाटकातलाच. ‘कोतवाल’ला मात्र रायगड जिल्ह्यातल्या कशेळे-कर्जत भागात वेगळं वजन आहे. इथे आठवतात माथेरानचे स्वातंत्र्यसैनिक विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल, २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ब्रिटिशांच्या गोळीने हुतात्मा झालेले.