रेल्वेचा पैसा आणि कुलुपांतला अहवाल

लंडनहून बर्मिंगहॅममार्गें उत्तरेकडे न्यावयाच्या ‘हाय स्पीड टू’ या अतिवेगवान रेल्वेचा खर्च ब्रिटिश करदात्यांच्या पैशांतून व्हावयाचा होता. सरकारच्याच परीक्षकांनीं २०११ सालीं योजना तपासून तिला ‘पिवळा-तांबडा’, म्हणजे धोक्याजवळचा, शेरा दिला. हा अहवाल खुला करा, असें माहिती आयुक्तांनीं २०१३ सालीं बजाविलें; पण तेथील माहितीच्या कायद्यांतच मंत्र्यांस नकाराधिकार ठेविलेला आहे. वाहतूकमंत्र्यांनीं जानेवारी २०१४ मध्यें तो वापरला. परीक्षकांनीं निर्भीडपणें लिहावें यासाठीं गुप्तता हवी, ही सबब अगदींच पोकळ नव्हे. मात्र श्रोत्यांनीं तारखा पाहाव्या: त्याच वर्षीं एप्रिलांत कॉमन्स सभेनें रेल्वेचें विधेयक दुसऱ्या वाचनांत ४५२ विरुद्ध ४१ मतांनीं संमत केलें, तेव्हां अहवाल कुलुपांतच होता! बर्मिंगहॅम-मँचेस्टर टप्पा २०२३ सालीं वाढत्या खर्चापायीं रद्द झाला.