ताऱ्यापुढून ग्रह जातो तेव्हा



2004 साली मृगाच्या तोंडावर, 8 जूनला, सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना आपल्याकडे दिसला. तो शुक्र होता. यास अधिक्रमण म्हणतात. 2012 च्या जूनमध्ये तो योग पुन्हा आला. आता थेट 2117 साली.

दूरच्या ताऱ्यांपुढूनही त्यांचे ग्रह असेच जातात. मात्र तेथे ठिपका दिसत नाही. आषाढी एकादशीला पिंप्राळ्याचा रथ निघतो, तेव्हा लांब उभे राहून एखाद्या दिव्याकडे पाहा. कोणी आडवे गेले तर माणूस ओळखू येत नाही, पण उजेड कमी झालेला कळतो. तसेच हे.

कमी तरी किती? गुरूएवढा ग्रह आपल्या सूर्यापुढून गेला तर शंभर रुपयांत एक रुपया. पृथ्वीएवढा गेला तर दहा हजारांच्या पट्टीत 84 पैसे! एवढी तूट अडत्याकडे कोण मोजतो? पण 2009 साली अमेरिकेने सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने ती मोजली.

केप्लरला एका ताऱ्याचा उजेड दर साडेएकोणीस दिवसांनी उतरताना आढळला. आता, पान पिवळे पडले म्हणजे नत्रच कमी, असे आपण लगेच ठरवीत नाही; रोप उपटून मुळी पाहतो. उजेडाचेही तेच. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असले तरी असा भास होतो. म्हणून अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने अबूच्या गुरुशिखरावरून, 'पारस' नावाच्या यंत्राने, तो तारा वर्षाहून अधिक काळ तपासला. ग्रहाच्या ओढीने तारा किती डुलतो ते मोजले आणि 2018 साली जाहीर केले, की हा ग्रहच आहे. वजन पृथ्वीच्या सुमारे 27 पट, रुंदी सहापट. आपला उडीद फुलावर येईतो त्याची दोन वर्षे सरतात! उष्णता मात्र सुमारे 600 अंश, तेव्हा पेरणीची आशा नको.

असे सहा हजारांवर ग्रह आता नोंदले गेले आहेत. आपल्याकडे एका मंगळावरून मुलीची जमलेली सोयरीक मोडते. हे सहा हजार कोणाच्याच पत्रिकेत नाहीत.

दिवाळीच्या सुमारास रब्बीच्या पाण्याला रात्री आठच्या आसपास शेतात असाल, तर डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या पश्चिमेकडील दोन तारे म्हणजे पूर्वा भाद्रपदा. त्या दोहोंच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेला, एक अगदी मंद तारा आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह 1995 साली तेथेच सापडला, तोही तारा डुलण्यावरून. गावच्या दिव्यांत तो दिसायचा नाही. बॅटरी विझवा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि घरातील लहान मुलांनाही सोबत न्या. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते.