फ्रेंचचा तास बोलका व्हावा

परळ येथे राहणाऱ्या एका विद्यार्थिनीची आठवण आम्हांला वारंवार होते. दहावीच्या परीक्षेत तिला फ्रेंच विषयात नव्वदहून अधिक गुण मिळाले होते. त्याच सुट्टीत गेटवे ऑफ इंडियाजवळ एका फ्रेंच दांपत्याने तिला चर्चगेट स्थानकाचा रस्ता विचारला. प्रश्न तिला कळला, उत्तरही ठाऊक होते; परंतु तोंडातून एकही फ्रेंच शब्द बाहेर पडला नाही. शेवटी तिने हाताने दिशा दाखविली. ‘मग तीन वर्षे मी काय शिकले?’ असे तिने आम्हांला विचारले. फ्रेंच शिकविणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

गिरगावपासून परळ-लालबागपर्यंतच्या अनेक कुटुंबांत फ्रेंच हा ‘गुण मिळवून देणारा विषय’ म्हणून निवडला जातो. त्यात गैर काही नाही. पण गुण मिळविण्याची वाट भाषांतर, क्रियापदांचे तक्ते आणि पाठ केलेले निबंध यांतूनच जाते असे गृहीत धरले, की भाषा कागदावरच राहते. याचा सर्वाधिक तोटा कोणाला होतो? ज्यांच्या घरी शिकवणीसाठी पैसे नाहीत आणि ज्यांच्या आईवडिलांना फ्रेंचचा गंध नाही, त्या मुलांना. त्यांना ही भाषा बोलण्याची संधी वर्गातच मिळाली तर मिळते. म्हणून वर्गातील ३५ मिनिटे बोलकी कशी करावीत, याविषयी आम्ही काही अनुभवसिद्ध उपक्रम येथे मांडीत आहोत. त्यांपैकी एकालाही खर्च लागत नाही.

मुलांची शिदोरी

फ्रेंच भाषा आपल्या परिसराला अगदीच परकी नाही. भायखळ्याच्या क्लेअर रोडवर ज्या जीझस अँड मेरी संघाची शाळा आहे, त्या संघाची स्थापना संत क्लॉदिन थेव्हने यांनी १८१८ साली फ्रान्समधील ल्यों शहरात केली. तरीही मुलांना फ्रेंच दूरची वाटते, कारण ती त्यांना इंग्रजीच्या खिडकीतून दाखविली जाते. वास्तविक मराठीची वाट अधिक जवळची आहे.

उच्चारांचेच पाहा. इंग्रजीच्या सवयीने मुले ‘ट’ आणि ‘ड’ म्हणतात. फ्रेंचमध्ये मात्र आपल्या ‘त’ आणि ‘द’सारखे दंत्य वर्ण आहेत. फ्रेंच ‘प’, ‘त’, ‘क’ यांत इंग्रजीप्रमाणे हवेचा झोत नसतो. ते मराठी वर्णांसारखेच कोरडे असतात. फ्रेंचमधील नाकातून येणारे स्वर इंग्रजीत नाहीत. पण कोकणी आणि मालवणी बोलणाऱ्या मुलांना ते घरीच मिळालेले असतात. गिरणगावात कोकणातून आलेली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. त्यांची मुले शाळेत आपली मालवणी लपवितात, कारण कोणीतरी तिला हसलेले असते. फ्रेंचच्या तासाला अशाच एका मुलाला आम्ही पुढे बोलावले आणि ‘झाडां’ हा शब्द त्याच्या आजीसारखा उच्चारण्यास सांगितले. नंतर तोच स्वर नाकातून काढून ‘ब्लाँ’ म्हणजे पांढरा हा फ्रेंच शब्द म्हणावयास लावले. त्या दिवशी वर्गाने त्याच्याकडून उच्चार शिकून घेतला. एक स्वर मात्र मराठीतही नाही. त्यासाठी ओठ ‘ऊ’साठी करतो तसे गोल ठेवून आतून ‘ई’ म्हणावयास सांगावे. दोन-तीन प्रयत्नांत तो साधतो.

शब्दांची भावंडे

पहिला उपक्रम शब्दशोधाचा. पोर्तुगीजांच्या संपर्कातून मराठीत अनेक शब्द आले. पोर्तुगीज आणि फ्रेंच या दोन्ही भाषा लॅटिनच्या कन्या असल्याने त्या शब्दांची भावंडे फ्रेंचमध्ये सापडतात. फळ्यावर एका बाजूला मराठी शब्द लिहावेत: पाव, साबण, चावी, कोबी, पगार, पाद्री, नाताळ. दुसऱ्या बाजूला क्रम बदलून फ्रेंच शब्द लिहावेत: नोएल, सावाँ, पँ, पेर, क्ले, शू, पेये. मुलांनी गटागटाने जोड्या जुळवाव्यात. नाताळ आणि नोएल हे दोन्ही जन्मवाचक एकाच लॅटिन शब्दापासून आले आहेत हे कळल्यावर मुलांचे डोळे चमकतात. अननस आणि काजू हे शब्द तर दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहेत. वर्गाला अधिक पुढे न्यावयाचे असेल, तर ‘तू’ हे सर्वनाम घ्यावे. मराठी ‘तू’ संस्कृतातून आणि फ्रेंच ‘तू’ लॅटिनमधून आला. दोघांचे मूळ एकच.

हाऊजी आणि चार कोडी

फ्रेंच अंक मुलांना छळतात. सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’, नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. हे विचित्र वाटू नये म्हणून आम्ही कोडीची आठवण करून देतो. आपल्याकडे वीस नगांची एक कोडी. म्हणजे ऐंशी नग हे चार कोडी झाले. फ्रेंच माणूस ‘कात्र-वँ’ म्हणतो तेव्हा तोही चार विसाच मोजीत असतो. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधील फ्रेंचभाषक मात्र सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ असे सरळ शब्द वापरतात, हेही सांगावे.

त्यानंतर हाऊजी खेळावी. आपल्या सण-समारंभांत हा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात १ ते ९० आकडे असतात, म्हणजे फ्रेंच अंकांतील सर्व अवघड वळणे त्यात आपोआप येतात. तिकिटे मुलांनी वहीच्या कागदावर स्वतः तयार करावीत. आकडे पुकारण्याचे काम शिक्षकांनी स्वतःकडे न ठेवता आळीपाळीने मुलांना द्यावे, आणि जिंकणाऱ्याने आपले आकडे फ्रेंचमध्ये वाचून दाखविल्याखेरीज बक्षीस देऊ नये.

अपुरा नकाशा

तिसरा उपक्रम त्या परळच्या मुलीमुळे सुरू झाला. दादर स्थानकापासून पोर्तुगीज चर्चपर्यंतच्या परिसराचा साधा नकाशा काढून त्याच्या दोन प्रती कराव्यात. एका प्रतीत काही ठिकाणांची नावे असावीत, दुसरीत उरलेल्या ठिकाणांची. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकमेकांचा कागद पाहावयाचा नाही. ‘आ गोश’ म्हणजे डावीकडे, ‘आ द्रवात’ म्हणजे उजवीकडे, ‘तू द्रवा’ म्हणजे सरळ, एवढ्याच शब्दांवर त्यांनी विचारून-सांगून आपापला नकाशा पूर्ण करावयाचा असतो. जी माहिती आपल्याकडे नाही आणि समोरच्याकडे आहे, ती मिळविण्यासाठी बोलावेच लागते. पाठ केलेल्या संवादात ही गरज नसते, म्हणून तो तोंडावर टिकत नाही.

हाच प्रकार बाजाराचा करता येतो. मुलांनी आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारातील किंवा लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतील भाव टिपून आणावेत. अर्धा वर्ग विक्रेता, अर्धा ग्राहक. ‘से काँबियँ?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ या एका प्रश्नावर सारा तास रंगतो.

कोणाला ‘तू’ म्हणावे?

चौथा उपक्रम रीतभातीचा. फ्रेंचमध्ये ‘तू’ आणि आदरार्थी ‘वू’ असा भेद आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो समजावून द्यावा लागतो; मराठी मुलाला तो जन्मापासून ठाऊक असतो. चिठ्ठ्यांवर पात्रे लिहावीत: आई, वडील, मुख्याध्यापक, दुकानदार, वर्गमित्र, अनोळखी आजोबा. मुलाने चिठ्ठी उचलून त्या व्यक्तीला फ्रेंचमध्ये अभिवादन करावे आणि वर्गाने संबोधन योग्य की अयोग्य ते सांगावे. येथे फरकही लक्षात येतात. आपल्याकडे अनेक घरांत आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात. आजच्या फ्रेंच कुटुंबांत सामान्यतः दोघांनाही ‘तू’ म्हणतात. फ्रान्समधील कॅथलिक भाविक प्रभूची प्रार्थना ‘वू’ म्हणून करीत असत. १९६६ मध्ये नवे रूप स्वीकारल्यावर ते ‘तू’ म्हणू लागले. मराठीत आपण देवाला ‘तू’च म्हणतो. प्रेम आणि आदर शब्दांतून कसे व्यक्त होतात, यावर वर्गात छान चर्चा होते.

आपले जग फ्रेंचमध्ये

पाठ्यपुस्तकात आयफेल मनोरा आणि चीज असते. ते असावेच. परंतु मुलाला स्वतःविषयी बोलता आले पाहिजे. म्हणून पाचवा उपक्रम ‘पाहुण्याला समजावून सांगा’. पदार्थाचे नाव न घेता उकडीचा मोदक तांदूळ, नारळ आणि गूळ यांच्या फ्रेंच शब्दांतून वर्णन करावयाचा आणि इतरांनी तो ओळखावयाचा. एखादे मूल लालबागच्या गणेशोत्सवाचे वर्णन करील, एखादे गिरगावातील नाताळच्या गव्हाणीचे. एकाच बाकावरील दोन मुले परस्परांचे सण परक्या भाषेत समजून घेतात, तेव्हा भाषेबरोबर आणखीही काही शिकले जाते.

वर्ग मोठा, वेळ थोडा

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमावे, असा प्रश्न शिक्षकबंधू-भगिनी विचारतील. आमचा क्रम असा: पहिली ५ मिनिटे उजळणी, १० मिनिटे नवा भाग, १५ मिनिटे जोडीने बोलणे आणि शेवटची ५ मिनिटे चुकांची चर्चा. बाकावरील शेजारी हीच जोडी, म्हणजे जागा बदलण्यात वेळ जात नाही. मूल बोलत असताना मध्येच टोकू नये. आम्ही फिरत फिरत चुका टिपून घेतो आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर मांडतो. गोंगाट होईल, पण तो फ्रेंचमधला असेल तर मुख्याध्यापकही तो सहन करतात, असा आमचा अनुभव आहे.

पालकांची काळजी गुणांची असते आणि ती रास्त आहे. देल्फ या आंतरराष्ट्रीय परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही कौशल्यांना प्रत्येकी २५ गुण असतात. एकूण ५० गुणांना उत्तीर्ण, पण प्रत्येक भागात किमान ५ गुण आवश्यक. म्हणजे फ्रेंचचे प्रमाणपत्र देणारेही मुक्या विद्यार्थ्याला उत्तीर्ण करीत नाहीत. बोलक्या वर्गातील मुलांचे शालेय गुण कमी झाल्याचे आम्हांला आढळले नाही, कारण वापरलेला शब्द सहसा विसरला जात नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच, की संध्याकाळी ‘किती गुण मिळाले?’ असे विचारण्यापूर्वी ‘आज काय बोललास?’ असे एकदा विचारावे. तुम्हांला फ्रेंच येत नसले तरी चालेल. मूल तुम्हांला शिकवील, आणि शिकविताना ते स्वतः पक्के होईल. त्या परळच्या मुलीच्या धाकट्या भावाने मागील वर्षी दादरचा नकाशा पूर्ण केला. घरी जाऊन त्याने ताईला चर्चगेटचा रस्ता फ्रेंचमध्ये सांगितला, आणि तिने तो त्याच्याकडून शिकून घेतला.