मुलाखतीचा पोशाख

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी दिल्लीतील शाहजहान रोडवरच्या धौलपूर हाऊसमध्ये हजर होणाऱ्या उमेदवाराचा मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांचा हिशेब तेव्हा पुरा झालेला असतो, आणि उरलेल्या २७५ गुणांत पोशाखाचा स्वतंत्र रकाना नसतो. तरीही सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत वर्षानुवर्षे राज्यघटना घोकलेली मुले अखेरच्या आठवड्यात सदऱ्याच्या रंगाविषयी जितका खल करतात, तितका एखाद्या घटनादुरुस्तीविषयीही करीत नसतील.

ही चिंता सर्वस्वी अनाठायी नाही. फिका सदरा, गडद विजार आणि काळे बूट हा दस्तूर इतका रूढ आहे, की त्यात कुणाचे लक्ष वेधले जात नाही, आणि हाच त्याचा गुण. कोटाचा निर्णय मात्र पंचांग पाहून करावा: जानेवारीच्या दिल्लीत जो कोट कोकणातल्या मुलाला आधार वाटतो, तोच एप्रिलमध्ये शिक्षा ठरतो. साडी नेसणाऱ्या उमेदवारांनी बेताची खळ दिलेली सुती साडी निवडावी, कारण तिच्या निऱ्या जागच्या जागी राहतात. निसरडे रेशीम सावरण्यात प्रश्नाकडले अवधान सुटते. सवय नसल्यास सलवार-कमीज उत्तम.

आरशासमोर उभे राहून परीक्षा पाहणे मात्र व्यर्थ, कारण मुलाखत बसून द्यायची असते. सबंध पोशाख चढवून अर्धा तास खुर्चीत बसले, म्हणजे पोटावर ताणणारी गुंडी आणि चावणारा नवा बूट आपोआप उघडकीस येतात, आणि दुरुस्तीला अवधीही उरतो.